ट्रॉलीचा हुक खाली घेतला: फैजपूर रस्त्यावरच्या मिस्त्रीचं काम कसं आहे

ज्यांच्या दोन चाकी ट्रॉलीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, भरल्यावर वर राहतं किंवा खाली घुसतं, त्यांनी या मिस्त्रीकडे जायला हरकत नाही. पैसे थोडे जास्त घेतो, वेळ बराच जास्त घेतो, पावती मागितली तर हसतो. पण ट्रॅक्टरमागचा हुक किती उंचीवर हवा हे लोखंड कापायच्या आधी मोजतो. आमच्या भागात एवढं करणारा दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

वर्कशॉपला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगायचा प्रश्नच नाही. यावलहून फैजपूरकडे निघालं की बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याला लागून निंबाखाली ट्रॉल्यांचे उलटे सांगाडे, जुने धुरे आणि स्प्रिंगच्या पाट्यांचा ढीग दिसतो, तेच. मी एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस, आता सातपुड्याच्या पायथ्याला केळी करतो. कोण पाना कसा धरतो ते बघायची खोड अजून गेलेली नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी भानगड काय होती ते. ट्रॅक्टर ४५ हॉर्सपॉवरचा. मागचे टायर १३.६-२८ (इंचांत रुंदी आणि रिम) होते, ते झिजले तेव्हा १४.९-२८ टाकले, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत रुंद टायरला पकड चांगली मिळते. टायर मोठा झाला की धुरा वर जातो आणि धुऱ्याबरोबर हुकही; साधारण एक इंच. पुढे जुनी ट्रॉली विकून दुसरी घेतली. जुनीला ट्रकचे ९.००-२० टायर होते, हिला ९.००-१६. ही ट्रॉली जुनीपेक्षा अडीच-तीन इंचांनी बसकी. म्हणजे ट्रॅक्टर वर गेला, ट्रॉली खाली आली आणि मध्ये दोघांना जोडणारी ट्रॉलीची दांडी तिरपी झाली. रिकामी असताना कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. भरली की मागून बघणाऱ्याला कळायचं.

कापूस किंवा भुसा वाहणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. केळीवाल्याला वाटतं. ट्रॉलीत खाली पानं अंथरून घड लावतो, एकमेकांना टेकून. ट्रॉली मागे कलती असली की रस्त्यातल्या प्रत्येक आदळ्याला अख्खी रांग बोटभर मागे सरकते. शेवटच्या रांगेतले घड फाळक्यावर, म्हणजे मागच्या फळीवर, घासतात. तिथे सालीला जे घसटतं ते कच्च्या केळीवर लगेच दिसत नाही, काही तासांनी काळं पडतं. तेवढ्यात माल ट्रकपाशी पोचलेला असतो आणि व्यापारी एकेक फणी उलटून बघत असतो. भाव पाडायला त्याला निमित्तच हवं असतं. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याला, वाटायचं मजूर घड नीट लावत नाहीत, मजुरांना वाटायचं सालदार ट्रॅक्टर पळवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार बदलला, डाग तसेच राहिले.

या मिस्त्रीकडे जायच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं होतं, कुठे ते सोडा. त्यांनी ट्रॉलीकडे लांबूनच बघितलं आणि म्हणाले, ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगलाच, म्हणजे धुरा-गिअरच्या कवचालाच, खाली एक जाड पट्टी वेल्ड करून देतो, दुपारपर्यंत मोकळे. मागचं हाउसिंग बिडाचं असतं. बिडाला असं वेल्डिंग केलं की शिवणीच्या कडेला ते ठिसूळ होतं, आणि मग त्यालाच भरलेली ट्रॉली ओढायला लावायची? नमस्कार केला आणि निघालो.

फैजपूर रस्त्यावरच्या या मिस्त्रीला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, "ट्रॉली भरलेली आनशाल का रिकामी?" मी म्हटलं, रिकामी. तर म्हणे, "नाना, मंग येऊ नका. लोकं रिकामी आनता, रिकामीचं माप घेता, अन् भरल्यावर मले शिव्या देता."

हे ऐकूनच मी त्याला अर्धे मार्क देऊन टाकले. ट्रॉलीच्या पाट्या भरल्यावर बसतात, टायर दबतात, दांडीसुद्धा किंचित वाकते. जे रोज ओढायचं तेच वजन घालून माप घेतलं पाहिजे. केळी भरून उन्हात उभी करणं परवडणारं नव्हतं, म्हणून फाळक्याच्या बरोबरीने शेणखत भरून नेलं. मिस्त्रीचा पोरगा नाक दाबत खाली शिरला, पण मिस्त्रीने तक्रार केली नाही. वजन सगळीकडे सारखं पसरलंय ना, एवढंच वर चढून बघितलं.

आता मोजणी. माझ्या मते पैसे इथेच वसूल होतात.

वर्कशॉपासमोर काँक्रीटचा एक पट्टा ओतलाय, ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून मावेल एवढा लांब. तो त्याने मुद्दाम पाण्याने तपासून सपाट करून घेतलाय. गाडी त्यावर घेतली, चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि सगळ्यात आधी हवा तपासली. ट्रॉलीच्या डाव्या टायरात हवा कमी निघाली, ती भरली. हवा सारखी नसेल तर पुढची सगळी मापं खोटी. मग गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी काढली, त्यात नीळ घातलेलं पाणी. नळी हलवून, बोटाने टिचक्या मारून बुडबुडे बाहेर काढले. यात बराच वेळ गेला आणि त्याने घाई केली नाही. एक तोंड ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्याशी, दुसरं मागच्या कोपऱ्याशी धरलं. पाणी थांबल्यावर दोन्हीकडे खडूने रेघ. टेप लावली. पुढची कड मागच्यापेक्षा साडेचार इंचांना जरा कमी एवढी वर. उजवी बाजूही तशीच मोजली, आणि डाव्या-उजव्यात फरक नाही हे बघून मगच पुढे सरकला. फरक असता तर आधी पाट्यांचं काम निघालं असतं.

तळ ११ फुटांचा. ट्रॉलीच्या धुऱ्यापासून दांडीच्या टोकाला हुकात अडकणाऱ्या कडीपर्यंत १० फूट. साडेचार इंचांना कमी म्हणजे फुटामागे ०.४ इंच चढ, आणि १० फुटांवर तो भरतो ४ इंच. म्हणजे दांडीचं टोक ४ इंच खाली आलं पाहिजे. हा हिशेब त्याने तोंडी केला. मी मनात तपासला, बरोबर होता. हुक तेव्हा जमिनीपासून २४ इंचांवर होता.

त्यानंतर त्याने रस्त्यापलीकडच्या वजनकाट्यावर पाठवलं. मला आधी हे फुकटचं वाटलं, कारण काट्याचे पैसे वेगळे. पण त्याची पद्धत सरळ आहे. आधी ट्रॅक्टर एकटा काट्यावर. मग ट्रॉली जोडून, ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा फक्त ट्रॅक्टर. दोन्हीतला फरक म्हणजे दांडी हुकावर किती वजन टाकते ते. आमचं आलं १५० किलो. शिवाय ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन तेही दोनदा बघितलं: ट्रॉली नसताना ७६०, जोडल्यावर ७००. हुक मागच्या धुऱ्याच्याही मागे असतो, त्यामुळे तिथे दाबलं की पुढचा भाग उचलला जातो.

मिस्त्री म्हणाला, नाक असंच वर ठेवलं तर ट्रॉली उलाळ होईल. हे जरा वाढवून सांगणं झालं. बैलगाडी मागे जड झाली की जू वर जातं आणि बैलांच्या मानेला फास बसतो, ती भीती सगळ्यांच्या डोक्यात असते. प्रत्यक्षात काम झाल्यावर तोच माल घेऊन पुन्हा काट्यावर गेलो तर हुकावरचं वजन १८० झालं होतं. १५० चं १८०, म्हणजे नुसत्या कलण्याने ट्रॉली उलटी पडत नव्हती. धोका दुसरा आहे. कलत्या तळावर माल मागे सरकत जातो, आणि मागे गेलेला प्रत्येक घड हुकावरचं वजन कमी करतो. त्यात रस्ता चढाचा असला की दोन्ही गोष्टी एकाच दिशेने वाढतात. सातपुड्याच्या बाजूला नाल्यातून वर चढताना हुकात पिन खडखडायची, तो आवाज मला त्यासाठीच आवडत नव्हता. दांडी दाबून बसलेली असेल तर पिन वाजत नाही.

माझा पुतण्या टेक्सासात असतो. त्याच्याकडे गाडीमागे ओढायचं राहतं घर आहे, तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. मी हुकाचं सांगितल्यावर त्याने व्हिडिओ कॉलवर त्याची जोडणी दाखवली. तत्त्व तेच, आकडे वेगळे. गाडीच्या मागे चौकोनी पोकळ नळी, तिच्यात सरकणारी दांडी, तिच्यावर गोळा. ही दांडी वळणदार मिळते, वेगवेगळ्या उतरणीची, आणि उलटी बसवली की गोळा खाली जायचा तो वर येतो. तोही ट्रेलर सपाट जागेवर उभा करून, कडीची उंची मोजून मगच दांडी निवडतो. पण त्यांच्याकडे हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार ठेवतात. आमचा हिशेब काढला तर माल आणि ट्रॉली मिळून सव्वाचार टनांना १८० किलो, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास.

त्याला ते ऐकून धक्काच बसला. पण तो ताशी ९०-१००ने हायवेवर जातो. त्या वेगाला नाक हलकं असलेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि एकदा लागला की गाडीलाही घेऊन जातो. आमचा ट्रॅक्टर २०-२५च्या वर जात नाही, तिथे तो रोग नाही. उलट आमच्या हुकावर १५ टक्के, म्हणजे सहाशे किलोंच्या वर ठेवले तर पुढची चाकं अडीचशे किलोंच्या आसपास हलकी होतील आणि चढावर स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जाईल. त्यांच्या गाडीला मागे स्प्रिंग असतात, भार पडला की गाडीची शेपटी बसते आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघतात. म्हणून ते हुकाला दोन्ही बाजूंनी लवचिक पट्ट्या ताणून लावतात, त्याने थोडा भार उचलून परत पुढच्या चाकांवर जातो. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची तो तीनदा मोजतो: ट्रेलर नसताना, नुसता जोडून, आणि पट्ट्या ताणून. ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्याला स्प्रिंगच नाही, फक्त टायर दबतो. त्यामुळे आपल्याकडे हुकाची उंची एकदा जमली की जमली. मिस्त्रीला मी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर ओढता? मंग भाडं कोनाले देता?"

बसवलेला माल कसा आहे ते सांगतो. त्याने ट्रॅक्टरच्या मागे शिडी बसवली: दोन जाड उभ्या लोखंडी पट्ट्या, त्यांना दर तीन इंचांवर भोकं, आणि मध्ये हुकाचा आडवा ठोकळा, जो दोन पिनांवर वर-खाली करता येतो. पट्ट्या २० मिलिमीटर जाड. हाउसिंगला कंपनीने दिलेल्या भोकांतच बोल्ट घातले, नवं भोक पाडलं नाही, वेल्डिंगचा थेंबही ट्रॅक्टरवर पडला नाही. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा ८.८ हा आकडा कोरलेला मी स्वतः चष्मा लावून वाचला. भोकं आधी ड्रिलने पाडून मग रिमरने साफ केलेली. गॅस कटरने जाळून पाडलेली नाहीत. फार कमी लोक हे करतात. जाळलेल्या भोकाची कड खडबडीत असते, पिन एका ठिकाणीच टेकते आणि तिथूनच भोक लांबट होत जातं.

भोकं तीन-तीन इंचांवर असल्यामुळे हुक तीन इंच खाली आला, २४चा २१वर. राहिलेला एक इंच त्याने दांडीकडून काढला. आमच्या ट्रॉलीची कडी नट-बोल्टची आहे आणि दांडीच्या मध्यापासून अर्धा इंच खाली लावलेली होती. ती उलटी केली की अर्धा इंच वर, म्हणजे एक इंचाचा फरक. एक पैसा लागला नाही. पुन्हा नळी लावली तर पुढची कड मागच्यापेक्षा केसभर खाली. हवं होतं तेच. अगदी सरळ किंवा नाक किंचित खाली चालतं, वर नको.

हुक खाली आल्याचा आणखी एक फायदा. मागच्या धुऱ्याचा मध्य २५ इंचांवर आहे. ओढ धुऱ्याच्या जेवढी जवळ किंवा वर जाईल तेवढा ट्रॅक्टर पुढून उचलला जाण्याचा धोका. अवजार जोडायच्या वरच्या टॉप लिंकला साखळी बांधून फसलेली गाडी ओढणारे आपल्याकडे आहेतच. ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येतो तो अशानेच. आधी आमची ओढ धुऱ्याच्या जेमतेम एक इंच खाली होती, आता चार इंच खाली आहे.

कापणी सुरू झाल्यावर फरक फाळक्यापाशी दिसला. मागच्या रांगेची पानं आता जागच्या जागी राहतात, घड पानांवरून सरकून लाकडाला लागत नाहीत. डाग अजिबात बंद झाले असं नाही. आमच्या शेतरस्त्याला हुक जबाबदार नाही.

आता तक्रारी, आणि त्या कमी नाहीत.

मिस्त्री हुक बघतो, हुकामुळे बाकी काय बदलतं ते बघत नाही. दांडी चार इंच खाली आली तशी ट्रॉली सोडताना टेकवायची दांडीखालची घोडीही चार इंच खाली आली. घोडी वर दुमडल्यावरही तिचा पाय रस्त्याच्या फार जवळ राहतो. पहिल्याच नाल्यात तो दगडाला घासला. घोडीचा पाय कापून छोटा करायचा तर ट्रॉली सोडताना खाली ठोकळा ठेवावा लागतो. हे त्याने आधीच सांगायला हवं होतं, कारण एकाच दिवसात दोन्ही कामं झाली असती. ट्रॅक्टरच्या लिफ्टच्या खालच्या हातांचंही तसंच. दांडी खाली आल्यामुळे आखूड वळणावर ती त्या हातांना लागू शकते. हात पूर्ण वर घेऊन साखळीने बांधून ठेवावे लागतात, नाहीतर काढून ठेवावे लागतात. सालदाराला मीच सांगितलं.

लिंच पिन त्याने दिल्या त्या पत्र्यासारख्या. एवढी जाड मुख्य पिन घालायची आणि ती निसटू नये म्हणून जी छोटी पिन लावायची ती असली? बाजारात चांगली पिन काही फार महाग नाही. सुरक्षेची साखळी, म्हणजे हुक तुटला तरी ट्रॉली ट्रॅक्टरला धरून ठेवणारी, ती तो स्वतःहून लावत नाही. मागितली तर लावतो. माझ्या मते ती कामातच धरायला हवी, कारण बहुतेक दोन चाकी ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो आणि सुटलेली ट्रॉली थांबवायला काहीच नसतं. आणि रंग! नट-बोल्टच्या आट्यांवर, पिनांवर, सगळ्यावर एकसारखा लाल रंग फासलाय. बोल्ट पुन्हा आवळायचा तर आधी रंग खरवडा. नवे बोल्ट थोड्या कामानंतर पुन्हा आवळावे लागतात हेही तो सांगत नाही.

वेळ: सकाळी गेलात तर दिवेलागणीची तयारी ठेवा. मध्येच कुणाचा पाटा तुटलेली ट्रॉली येते आणि तो तिकडे जातो. बसायला एक खाट आहे, पाणी थंड आहे, चहा समोरून मागवावा लागतो. शिडी, पिना आणि मजुरी मिळून ५,५०० रुपये घेतले, काट्याचे वेगळे. घासाघीस केली, फार सुटले नाहीत.

चार चाकी ट्रॉलीवाल्यांनी या कामासाठी जाऊ नये. तिची दांडी पुढच्या धुऱ्याला बिजागरीवर वर-खाली फिरते, तळ स्वतःच्या चारही चाकांवर उभा असतो, हुक वर-खाली केल्याने तो कलत नाही. तसा एक जण माझ्यासमोर आला होता. मिस्त्रीने त्याला काही न विकता परत पाठवलं. एकच ट्रॉली आणि एकच ट्रॅक्टर असेल तर शिडीचीही गरज नाही, ठरल्या उंचीचा साधा हुक सांगा, हजार-दीड हजार वाचतील. ज्यांचा ट्रॅक्टर भाड्याने फिरतो आणि रोज वेगळी ट्रॉली मागे लागते, त्यांना शिडी कामाची.

जाताना माल भरून जा, टायरांत हवा भरून जा, चांगली लिंच पिन खिशात घेऊन जा, आणि घोडीचं त्याला पहिल्यांदा सांगा. साखळीसाठी मला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.